ऑटोमॅटिक गेट बसवताय? वायरिंग, अर्थिंग आणि सेन्सरची ही माहिती आधी वाचा

गावातला नवा बंगला असो, शेतावरचं घर असो, पोल्ट्रीची शेड असो की मंगल कार्यालय, रिमोटवर उघडणारं गेट आता शहरापुरतं राहिलेलं नाही. मोटार ऑनलाइन मागवली जाते, गावातला फॅब्रिकेटर ती बसवून देतो, घरातल्या बोर्डातून एक वायर ओढली की गेट चालू होतं. काम एका दिवसात उरकतं. पण ते सुरक्षित आहे की नाही, हे त्या दिवशी कळत नाही. ते कळतं पहिल्या पावसात, नाहीतर गेट बंद होताना मधे एखादं पोर आल्यावर.

पत्र्याचं मोठं सरकतं गेट ३००-४०० किलोपर्यंत जाऊ शकतं. असं गेट हाताने ढकलणारा माणूस समोर कुणी दिसलं की थांबतो. मोटारीला डोळे नसतात. तिला थांबायला लावणारी वेगळी व्यवस्था बसवावी लागते, आणि खर्च वाचवताना नेमकी तीच वगळली जाते. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये एका आठवड्याच्या आत दोन लहान मुलींचा वेगवेगळ्या ठिकाणी ऑटोमॅटिक गेटमध्ये अडकून मृत्यू झाला. एक सहा वर्षांची होती, दुसरी पाच वर्षांची. त्यानंतर तिथल्या सुरक्षा यंत्रणेने सूचना काढली की, मोटारीचा जोर कमी ठेवला एवढ्यावर विसंबून चालणार नाही.

दुसरा धोका विजेचा. गेट ही घरातली सगळ्यात मोठी लोखंडी वस्तू. दूधवाला, पोस्टमन, शाळेतून आलेली मुलं, सगळेच तिला हात लावतात, तेही ओल्या जमिनीवर उभं राहून. मोटारीत गळती झाली आणि अर्थिंग नसेल, तर करंट थेट गेटमध्ये उतरतो.

आधी गेट, मग मोटार

मोटारीची चौकशी करण्याआधी गेट हाताने चालवून पाहावं. एका माणसाला ते एका हाताने सहज सरकवता आलं पाहिजे. कुठे अडकत असेल, घासत असेल, तर मोटार बसवून तो दोष जात नाही. मोटारच लवकर जळते. रूळ वाकडा असेल, चाकांचे बेअरिंग गेले असतील, बिजागऱ्या झिजल्या असतील, तर ते काम आधी करून घ्यावं.

सरकत्या गेटच्या दोन्ही टोकांना पक्के लोखंडी स्टॉपर असलेच पाहिजेत. मोटारीला गेट कुठे थांबवायचं हे लिमिट स्विच सांगतो. तो बिघडला आणि स्टॉपर नसेल, तर गेट वरच्या गाईड रोलरमधून सुटून माणसाच्या अंगावर पडू शकतं. स्टॉपर कोपऱ्यात टाका मारून चिकटवलेला नसावा. काँक्रीटमध्ये किंवा खांबाला बोल्टने घट्ट बसवलेला असावा.

रूळ उतारावर असेल तर तो समपातळीत करून घ्यावा. लाईट गेल्यावर मोटारीचा क्लच मोकळा केला की उतारावरचं गेट आपोआप घरंगळतं. तेव्हा ते कुणाच्याच ताब्यात नसतं.

वेल्डिंगचं सगळं काम मोटारीचा बोर्ड जोडण्याआधी उरकावं. नंतर एखादा टाका मारायची वेळ आलीच, तर बोर्डाच्या वायरी काढून ठेवाव्यात. वेल्डिंगचा करंट गेटमधून बोर्डात गेला तर नवा बोर्ड जागेवर जळतो.

मोटार कोणती घ्यावी

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक थेट २३० व्होल्टवर चालणारी आणि दुसरी २४ व्होल्ट डीसीची. ज्या गावात लाईटचा भरवसा नाही, तिथे २४ व्होल्टची सोयीची पडते, कारण तिला बॅटरी जोडता येते. मोटारीची क्षमता गेटच्या वजनापेक्षा बऱ्यापैकी जास्त असावी. गेटचं वजन अंदाजाने ठरवू नये. फॅब्रिकेटरकडे किती लोखंड लागलं याचा हिशोब असतो, तो मागावा.

सरकत्या गेटला दातेरी पट्टी लावतात, तिला कारागीर रॅक म्हणतात. मोटारीचं दातेरी चाक या पट्टीवर फिरतं. दोघांच्या दातांत एक ते दोन मिलिमीटर फट ठेवावी. फट नसेल तर गेटचं वजन मोटारीच्या शाफ्टवर येतं. चाक आणि पट्टी जिथे एकमेकांत अडकतात, तिथे झाकण असावं. साडीचा पदर, ओढणी किंवा मुलांची बोटं तिथे सापडतात.

लाईट कुठून घ्यायची?

गेटची लाईन घरातल्या मुख्य बोर्डातून स्वतंत्र काढावी. बाहेरच्या बल्बच्या किंवा मीटरजवळच्या पॉइंटवरून जोड मारून घेऊ नये.

शेतावरच्या घरात अनेकदा शेतीपंपाच्या पेटीतून लाईन घेतली जाते. हे तीन कारणांनी चुकीचं आहे. पहिलं, तिथे थ्री फेज लाईट दिवसातले ठराविक तासच असते. दुसरं, शेतीपंपाचं कनेक्शन दुसऱ्या कामाला वापरणं हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची दंडासह आकारणी होते. तिसरं कारण जिवाशी खेळणारं आहे. पंपाच्या पेटीत तीन फेज असतात, न्यूट्रल बहुधा आणलेलाच नसतो. मग कुणी अर्थिंगची तार, कुणी बोअरच्या केसिंगचा पाईप न्यूट्रल म्हणून वापरतो. मोटार चालते, पण परतीचा करंट जमिनीतून जातो. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की त्याच तारेवर, पाईपवर आणि त्याला जोडलेल्या प्रत्येक लोखंडावर व्होल्टेज चढतं.

उलटी चूकही होते. अर्थ आणि न्यूट्रल घरात एकमेकांना जोडून टाकले जातात. "अर्थिंग दिलंय" असं सांगितलं जातं, पण खांबावरून येणारा न्यूट्रल तुटला की गेटच्या लोखंडावर फेज येतो. अर्थिंगची तार खड्ड्यापर्यंत वेगळीच गेली पाहिजे.

एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग

गेटच्या लाईनवर बोर्डात दोन गोष्टी हव्यात. पहिली, ६ किंवा १० ॲम्पियरचा एमसीबी. किती ॲम्पियरचा ते मोटारीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. दुसरी, ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी.

एमसीबी असला म्हणजे शॉक बसत नाही, हा गैरसमज आहे. ६ ॲम्पियरचा एमसीबी ६ ॲम्पियरपेक्षा जास्त करंट गेल्याशिवाय पडत नाही. माणसाच्या जिवाला धोका ३० मिलिॲम्पियरच्या आसपासच सुरू होतो, म्हणजे त्याच्या दोनशेव्या भागाला. आरसीसीबी वेगळं काम करतो. गेलेला आणि परत आलेला करंट तो मोजतो. ३० मिलिॲम्पियरचा फरक पडला की सेकंदाच्या छोट्या भागात लाईन तोडतो.

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून वायर थेट जोडणं, हे गावोगावी दिसतं. तो पडतोय याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, नाहीतर न्यूट्रल आणि अर्थची सरमिसळ झाली आहे. दोष शोधायला हवा.

अर्थिंगसाठी अडीच मीटरचा जीआय पाईप किंवा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड जमिनीत पुरतात. पाईप, मोटारीची बॉडी, गेटची चौकट आणि लोखंडी खांब अर्थच्या तारेने जोडावेत. गेट चाकांवर किंवा बिजागऱ्यांवर असतं, त्यामुळे खांबाला अर्थ दिला म्हणजे हलणाऱ्या भागाला पोचलाच, असं धरू नये. दोन झडपांच्या गेटला खांब आणि झडप यांच्यात लवचिक तार जोडावी. काम झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजून घ्यावं. आकडा साधारण ५ ओहमच्या आत असावा. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहावं.

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंगचं नवं काम परवाना असलेल्यानेच करायचं आहे. फॅब्रिकेटरचं कौशल्य लोखंडात आहे. मोटार त्याने बसवावी, लाईन वायरमनने जोडावी.

केबल कशी टाकायची

घरापासून गेटपर्यंत आर्मर्ड केबल जमिनीखालून न्यावी. केबल तीन कोअरची हवी: फेज, न्यूट्रल आणि अर्थ. दोन कोअरची केबल टाकली तर अर्थिंगला जागाच राहत नाही. घरगुती गेटला साधारणपणे १.५ चौरस मिमी तांब्याची केबल पुरते. अंतर फार असेल तर २.५ ची घ्यावी.

खोली साधारण ७५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट ठेवावी. जिथून ट्रॅक्टर किंवा उसाची ट्रॉली जाते, तिथे एक मीटर खोल आणि पाईपमधून न्यावी. खाली-वर वाळू, त्यावर विटांचा थर द्यावा, म्हणजे पुढे कुणी पाईपलाईनसाठी चर खणला तर आधी वीट लागेल. केबल कुठून गेली याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

सेन्सरच्या बारीक वायरी २३० व्होल्टच्या केबलबरोबर एकाच पाईपमधून नेऊ नयेत. दोन पाईप वेगळे ठेवावेत.

२४ व्होल्टच्या मोटारीत एक चूक हमखास होते. ट्रान्सफॉर्मर घरात ठेवतात आणि २४ व्होल्टची वायर गेटपर्यंत नेतात. १.५ चौरस मिमीच्या वायरीतून ३० मीटर अंतरावर ५ ॲम्पियर नेले, तर जवळपास ४ व्होल्ट वाटेतच जातात. २४ मधले ४ गेले की मोटार कुंथत चालते. त्यामुळे गेटपर्यंत २३० व्होल्ट न्यावेत आणि ट्रान्सफॉर्मर गेटजवळच्या पेटीत ठेवावा.

पेटी जमिनीपासून फूटभर तरी वर, पावसाचं पाणी साचणार नाही अशा ओट्यावर बसवावी. केबल आत शिरते ती भोकं ग्लँडने आणि सिलिकॉनने बंद करावीत. मुंग्या आणि पाली याच भोकांतून बोर्डात शिरतात आणि बोर्ड शॉर्ट करतात. गेटजवळच लाईन पूर्ण तोडणारा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही कापणारा स्विच असावा. वीज पडण्याचं प्रमाण जास्त असलेल्या भागात बोर्डात सर्ज प्रोटेक्शनही बसवावं.

बंद होणारं गेट थांबलं पाहिजे

यासाठी फोटोसेल लागतो. गेटच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन डोळे बसवतात. एकाकडून दुसऱ्याकडे न दिसणारा किरण जातो. मधे कुणी आलं की किरण तुटतो आणि बंद होणारं गेट थांबून परत उघडतं. उंची साधारण ४० ते ६० सेंटिमीटर ठेवतात.

जोडणी करताना फोटोसेलचा एनसी पॉइंट वापरायचा असतो. त्यात फायदा असा की वायर तुटली, उंदराने कुरतडली, तरी बोर्डाला "अडथळा आहे" असंच वाटतं आणि गेट बंद होत नाही. गेट बंद पडलेलं परवडलं.

नव्या बोर्डावर त्या पॉइंटला कारखान्यातून एक छोटी तार जोडलेली येते, तिला जंपर म्हणतात. फोटोसेल जोडताना हा जंपर काढावा लागतो. तो राहिला, तर फोटोसेल भिंतीवर दिसतो, त्याचा दिवाही लागतो, पण गेट त्याचं ऐकत नाही. मालकाला वाटतं सेन्सर आहे. प्रत्यक्षात नसतो.

बोर्डावर जोर कमी-जास्त करण्याचं बटण किंवा सेटिंगही असतं. युरोपच्या मानकात बहुतेक गेटसाठी धडकेचा जोर ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलो वजनाइतका, आणि तोही पाऊण सेकंदाहून जास्त वेळ नाही, अशी मर्यादा आहे. आपल्याकडे अडचण व्होल्टेजची. २३० व्होल्टच्या साध्या एसी मोटारीत व्होल्टेज १८० वर आलं की जोर ६० टक्क्यांच्या आसपास राहतो. गेट अडतं, म्हणून जोर पूर्ण वाढवला जातो. रात्री व्होल्टेज पूर्ण आलं की तेच गेट जोरात आदळतं. त्यामुळे जोराची सेटिंग व्होल्टेज चांगलं असताना करावी आणि गेट अडत असेल तर आधी चाकं पाहावीत. बंद होणाऱ्या कडेला रबराची सेफ्टी एज बसवली तर आणखी चांगलं.

ट्रॅक्टर-ट्रॉली आणि जनावरं

काही वेळाने आपोआप बंद होण्याची सोय कारसाठी बनवलेली आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीचं गणित वेगळं. ट्रॅक्टर पुढे गेला आणि ट्रॉली गेटमध्ये थांबली, तर किरण ट्रॉलीच्या खालून, चाकांच्या मधून आरपार जातो. सेन्सरला वाट मोकळी दिसते आणि गेट ट्रॉलीवर बंद होऊ लागतं. शेतावरच्या गेटला ही सोय बंदच ठेवावी, नाहीतर वेगळ्या उंचीवर फोटोसेलची दुसरी जोडी बसवावी.

बसलेलं कुत्रं, कोंबडी किंवा रांगणारं बाळ किरणाच्या खाली राहतं. म्हणून गेट नजरेसमोर असतानाच चालवावं, मग सेन्सर कितीही असोत.

लाईट गेल्यावर काय?

प्रत्येक मोटारीला क्लच मोकळा करणारी चावी असते. ती फिरवली की गेट हाताने ढकलता येतं. ही चावी कुठे ठेवली आहे आणि कशी फिरवायची, हे घरातल्या आजी-आजोबांसह सगळ्यांना माहीत हवं. रात्री कुणाची तब्येत बिघडली आणि १०८ ची गाडी दारात उभी राहिली, तेव्हा शोधाशोध नको. घरात यायला दुसरी वाटच नसेल, तर एक चावी बाहेर विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी.

मोठ्या गेटमध्ये माणसांसाठी छोटं दार असेल, तर ते उघडं असताना मोटार चालू होणार नाही असा स्विच बसवावा. २३० व्होल्टची मोटार इन्व्हर्टरवर चालवायची असेल तर इन्व्हर्टर साईन वेव्ह प्रकारचा हवा. स्क्वेअर वेव्हवर मोटार गुणगुणते आणि तापते.

मोबाईलवरून गेट उघडताना

ॲपवरून पुण्या-मुंबईत बसून गावचं गेट उघडता येतं. पण समोर कोण उभं आहे हे कॅमेऱ्याशिवाय दिसत नाही. ॲपवरून गेट उघडावं, बंद करणं तिथे असलेल्या माणसावर सोडावं. कंपनीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. रिमोट रोलिंग कोडचा घ्यावा, कारण साध्या कोडच्या रिमोटची नक्कल सहज होते. आणि रिमोट मुलांच्या हातात खेळायला देऊ नये.

पैसे देण्याआधी या आठ गोष्टी तपासा

१. गेट बंद होताना फोटोसेलसमोर काठी धरावी. गेट थांबून परत उघडलं पाहिजे.
२. फोटोसेलच्या रेषेबाहेर, गेटच्या कडेसमोर रिकामं खोकं उभं करावं. खोकं चिरडलं गेलं तर जोर जास्त आहे. ही चाचणी हाताने करू नये.
३. आरसीसीबीवरचं टी बटण दाबावं. लाईन लगेच तुटली पाहिजे.
४. अर्थ टेस्टरचा आकडा कागदावर लिहून घ्यावा.
५. मेन स्विच बंद करून क्लचच्या चावीने गेट हाताने उघडून पाहावं.
६. दोन्ही टोकांचे स्टॉपर ढकलून पाहावेत. ते हलता कामा नयेत.
७. गेटजवळचा स्विच बंद केल्यावर पेटीतली लाईट पूर्ण जाते का, हे वायरमनकडून टेस्टरने पाहून घ्यावं.
८. वायरिंगचा नकाशा, पुस्तिका आणि बिल ताब्यात घ्यावं.

यातली पहिली, दुसरी आणि तिसरी चाचणी दर महिन्याला करावी. फोटोसेलची काच पुसावी, त्यासमोरचं गवत आणि जाळी काढावी. रूळ साफ करण्याआधी लाईन बंद करावी. पेटी उघडण्याचं काम वायरमनचंच आहे, कारण एसी मोटारीच्या कपॅसिटरमध्ये लाईन तोडल्यावरही काही वेळ करंट शिल्लक असतो.

गेटला शॉक लागत असेल तर

हाताला झिणझिण्या आल्या तरी "थोडा अर्थ मारतोय" म्हणून सोडून देऊ नये. मेन स्विच बंद करावा, सगळ्यांना गेटपासून लांब ठेवावं आणि वायरमनला बोलवावं. कुणी चिकटलं असेल तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करावं. श्वास चालत नसेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करावं आणि १०८ ला फोन लावावा. खांबावरच्या तारेचा किंवा न्यूट्रलचा दोष असेल तर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.